तुरीचा भाव कुठं ठरतो?

आता संध्याकाळची वेळ आहे. कुणी भाकरी थापत असेल, कुणी गुरांचं आवरत असेल, कुणी ओसरीवर सूप घेऊन तूर पाखडत असेल. आज मला बोलायचंय ते तूर पाखडणाऱ्या बाईशी. कारण खुरपणीपासून शेंगा वाळवण्यापर्यंत आणि पाखडण्यापासून निवडण्यापर्यंत तुरीला बाईचा हात लागतो, आणि भाव मात्र तिला दुसऱ्या दिवशी रात्री जेवताना कळतो. "सहा नऊशेनं गेली." एवढंच. का सहा नऊशे, का सात नाही, हे विचारलं तर उत्तर येतं, "मोंढ्यात तसाच भाव निघाला."

मागच्या हंगामात आमच्या गटातल्या एका ताईची गोष्ट आधी सांगते. तिनं नऊ क्विंटल तूर हमीभाव खरेदी केंद्रावर नेली. २०२४-२५ च्या हंगामाचा तुरीचा हमीभाव ७५५० रुपये होता आणि बाहेर मोंढ्यात भाव त्याच्या खाली गेला होता. नोंदणी केली, मेसेज आला, टेम्पो ठरवला, कट्टे भरले. केंद्रावर माणसानं कट्ट्यात नळी खुपसली, मूठभर दाणे हातावर घेतले, म्हणाला, "ओली आहे आणि मिक्स आहे. घेता येत नाही." यंत्रात किती आकडा आला ते तिला दाखवलं नाही, तिनंही विचारलं नाही. परत आणायचं तर पुन्हा टेम्पोभाडं. फाटकाबाहेर एक व्यापारी उभाच होता. त्यानं तीच तूर ६९०० रुपयांनी उचलली. क्विंटलमागं ६५० रुपये, नऊ क्विंटलचे ५८५० रुपये गेले. गटाच्या कर्जाचे दोन हप्ते तिनं त्या पैशांवर धरले होते.

केंद्राचं नाव मी सांगत नाही, आणि चूक एकट्या केंद्राची होती असंही म्हणत नाही. आकडा दाखवायला हवा होता, हे खरंच. पण आम्ही नंतर उरलेले दोन कट्टे घरी उघडून बघितले तेव्हा त्यात पांढरी तूर होती, लाल होती, सोयाबीन होतं आणि मळणी यंत्रातून आलेली शेंगांची टरफलं होती. आम्ही बायांनीच ती तूर भरली होती. मग आम्ही ठरवलं, त्या मुठीत तो माणूस नेमकं काय बघतो ते आपण शिकायचं.

तर मुठीत काय बघतात? पहिली गोष्ट ओलावा. हमीभाव केंद्रावर तुरीला १२ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. यालाच ते मॉइश्चर म्हणतात. दुसरी गोष्ट माती, खडे, काड्या, टरफलं असा कचरा. तो २ टक्क्यांच्या आत लागतो. मग दुसरं धान्य, फुटका आणि डागी दाणा, सुरकुतलेला बारीक दाणा, भुंगा लागलेला दाणा. या प्रत्येकाची मर्यादा साधारण तीन-चार टक्क्यांच्या घरात आहे आणि ती केंद्रावर फलकावर लिहिलेली असते. तिथं गेलात की तो फलक आधी शोधा. या सगळ्या मर्यादांत बसणाऱ्या मालाला ते "एफएक्यू" म्हणतात. मोठा शब्द वाटतो, पण अर्थ एवढाच की सर्वसाधारण चांगला माल. फार उत्तम असायची गरज नाही.

मोंढ्यातला व्यापारी फलक लावत नाही, पण बघतो तेच. कारण त्याचा माल पुढं डाळ मिलला जातो. मिलमध्ये तुरीवर खरखरीत रोलरनं ओरखडे पाडतात, तेल-पाणी लावून वाळवतात आणि मग साल काढून दाणा दुभंगतात. दाणा ओला असेल तर साल सुटत नाही. मोठा आणि बारीक दाणा एकत्र असेल तर मोठा फुटतो आणि बारीक तसाच निसटतो, नाहीतर त्याची चुनी होते. म्हणूनच आपल्या जालन्याच्या मोंढ्यात पांढरी आणि लाल तूर वेगळी बोलली जाते. बदनापूरच्या संशोधन केंद्राचं बीडीएन-७११ हे पांढऱ्या तुरीचं वाण आपल्याकडं पुष्कळ जणी लावतात, आणि बीडीएन-७१६ हे लाल. दोन्ही चांगली आहेत. पण दोन्ही एका कट्ट्यात भरली की तो माल ना पांढऱ्याच्या भावात जातो ना लालच्या.

डागी दाण्याचंही सांगते, कारण तो निवडताना आपल्याला वाटतं, सगळं नुकसान कोठीतच झालं. तसं नसतं. दाण्यावर आडवी-तिडवी कुरतडलेली चर दिसली तर ते शेतातल्या शेंगमाशीचं काम आहे, तिची अळी शेंगेतच दाणा खाते. दाण्याला स्वच्छ गोल भोक दिसलं तर तो भुंगा. आणि दाण्यावर टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका चिकटलेला दिसला तर ते भुंग्याचं अंडं आहे, म्हणजे भोक पुढच्या महिन्यात पडणार आहे. हा ठिपका मला स्वतःला पस्तिशीपर्यंत माहीत नव्हता. मी तो नखानं खरवडून तूर पुन्हा डब्यात टाकायची.

आता घरच्या घरी मोजायचं कसं? सोपं आहे आणि निवडायची तर आपल्याला सवयच आहे. गटाकडं छोटा वजनकाटा असतो, ग्रॅम दाखवणारा. प्रत्येक कट्ट्याच्या वरून, मधून आणि तळातून एक-एक मूठ घ्या. सगळं एकत्र करून ताटात पसरा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन भाग काढून टाका, उरलेलं पुन्हा मिसळा. असं करत करत १०० ग्रॅम तूर उरवा. मग ती निवडा. कचरा एका वाटीत, दुसरं धान्य दुसऱ्या वाटीत, डागी-फुटकी तिसरीत, भुंग्याची चौथीत. प्रत्येक वाटीचं वजन करा. १०० ग्रॅममधले जितके ग्रॅम, तितके टक्के. तीन ग्रॅम कचरा भरला तर तीन टक्के. एवढंच गणित आहे. मात्र मूठ तळातूनसुद्धा घ्यायची. आपण दाखवायला नेहमी वरची स्वच्छ तूर घेतो, आणि व्यापाऱ्याची नळी थेट तळाला जाते.

ओलाव्याला काटा चालत नाही. दाताखाली दाणा धरला तर वाळलेला दाणा कट्‌कन तुटतो आणि ओला दबतो, हे आपल्याला माहीत आहे. पण दात १२ आणि १४ मधला फरक सांगत नाही. एक मिठाची युक्ती आहे. काचेची कोरडी बाटली घ्यायची, तिच्यात तिसरा हिस्सा तूर आणि दोन चमचे तव्यावर कोरडं केलेलं मीठ टाकायचं, झाकण लावून चांगलं हलवायचं आणि पंधरा मिनिटं ठेवायचं. मीठ बाटलीला चिकटलं तर ओलावा साधारण १५ टक्क्यांच्या वर आहे, केंद्रावर न्यायचा प्रश्नच नाही. मीठ मोकळं राहिलं तर पंधराच्या खाली आहे, पण म्हणजे बाराच आहे असं नाही. आणखी एक-दोन उन्हं द्यावी लागतील. नक्की आकडा यंत्रच सांगतं. शेतकरी कंपनीकडं, चांगल्या गोदामात असं यंत्र असतं. टेम्पो ठरवण्याआधी किलोभर तूर घट्ट डब्यात घालून तिथं नेऊन दाखवा. त्या ताईनं तेवढं केलं असतं तर एका बाजूचं टेम्पोभाडं तरी वाचलं असतं.

आणि आता जे सांगणार आहे ते प्रशिक्षणात सहसा सांगत नाहीत. प्रशिक्षणात सांगतात, "माल स्वच्छ करा, वाळवा, चांगला भाव मिळेल." मीही दोन वर्षं हेच सांगत फिरले. मग एका बैठकीत एक आजी म्हणाल्या, "पोरी, निवडून झाल्यावर वजन कमी भरतं, त्याचं काय?" मी गप्प बसले. घरी येऊन हिशोब केला.

समजा तुमच्याकडं १० क्विंटल तूर आहे आणि तिच्यात ५ टक्के घाण आहे. व्यापारी आहे तशी ७००० रुपयांनी घ्यायला तयार आहे, म्हणजे ७०,००० रुपये. तुम्ही चार दिवस बसून ती साफ केली. आता साडेनऊ क्विंटल राहिली. व्यापारी म्हणाला, "वा, स्वच्छ आहे, ७३०० देतो." ऐकायला बरं वाटलं. पण साडेनऊ गुणिले ७३०० म्हणजे ६९,३५०. चार दिवस राबून ६५० रुपये कमी! निवडलेला फुटका दाणा गुरांना गेला असेल, तेवढाच फायदा. ७००० ला विकलेल्या घाण मालाची बरोबरी करायला स्वच्छ मालाला किमान ७३६८ रुपये मिळाले पाहिजेत, आणि त्यात तुमच्या चार दिवसांची मजुरी धरलेलीच नाही.

ओलाव्याचंही असंच आहे. १०० किलो तूर १५ टक्के ओलाव्याची असेल तर तिच्यात ८५ किलो कोरडा दाणा आणि १५ किलो पाणी असतं. ती १२ टक्क्यांवर वाळवली तर वजन ९६ किलो ६०० ग्रॅम राहतं. साडेतीन किलोच्या आसपास उडून जातं. म्हणजे ७००० ची तूर वाळवून ७२५० च्या खाली विकली तर तोटाच.

मग साफ करायचीच नाही का? करायची. पण आधी विचारायचं. मोंढ्यात सॅम्पल पाठवताना दोन पुड्या पाठवा. एक आहे तशी, एक साफ केलेली. दोन्हीचा भाव विचारून घ्या. मग ७०,००० ला साडेनऊनं भागलं तसं भागा, म्हणजे आजच्या भावाला उरणाऱ्या वजनानं. साफ मालाचा भाव त्याच्या वर असेल, मजुरी सुटत असेल, तर सूप हातात घ्या. नसेल तर आहे तशी विका आणि चार दिवस दुसऱ्या कामाला लावा. बाईच्या श्रमाची किंमत शून्य धरली की हे गणित नेहमी फायद्याचंच दिसतं, आणि घरात ती शून्यच धरतात.

तीन ठिकाणी मात्र भावाचा फरक न विचारता माल नीट करावाच लागतो. हमीभाव केंद्रावर, कारण तिथं थोडी घाण म्हणजे थोडा कमी भाव असं नसतं, एकतर घेतात नाहीतर परत पाठवतात. दुसरं म्हणजे माल ठेवायचा असेल तर, कारण ओल्या तुरीला बुरशी आणि भुंगा दोन्ही लागतात. तिसरं, घरची डाळ करायची असेल तर.

आणि खरी स्वस्त सफाई ही सुपातली नसते, खळ्यावरची असते. घाण काढण्यापेक्षा घाण येऊ द्यायची नाही. सोयाबीनमध्ये तूर असते, मळणी यंत्र आधी कुणाचं तरी दुसरं पीक करून आलेलं असतं. पहिल्या पाच-दहा मिनिटांचा माल बाजूला काढा, त्यातच मागच्याचं धान्य येतं. यंत्राचा वेग जास्त ठेवला की दाणा फुटतो, यंत्रवाल्याला घाई असते, आपल्याला नाही. मातीवर रास करू नका, ताडपत्री टाका. पांढरी आणि लाल वेगवेगळ्या दिवशी करा किंवा निदान वेगळ्या ताडपत्रीवर. याला पैसा लागत नाही, फक्त मळणीच्या दिवशी बाईनं तिथं उभं राहून बोलायला लागतं. ते सोपं नाही, मला माहीत आहे.

मोंढ्यातली पट्टीही वाचायला शिकू या. भाव एक असतो आणि हातात पडतो तो दुसरा. हमाली, तोलाई, कुठं कुठं कडता. कडता म्हणजे घट येईल म्हणून आधीच वजनातून धरलेला हिस्सा. क्विंटलला एक किलो कडता धरला तर ७००० च्या भावात ७० रुपये गेले, दहा क्विंटलला ७००. जास्त भाव बोलून कडत्यात वसूल करणारेही असतात. म्हणून भाव विचारताना "कटून किती?" असं विचारा, आणि पक्की पट्टी मागा. घरात पट्टी आली की फेकू नका, गटाच्या वहीत चिकटवा. आम्ही सात जणींच्या पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवल्या तेव्हाच आम्हाला कळलं की एकाच दिवशी, एकाच मोंढ्यात, जवळपास सारख्या मालाला वेगवेगळी कपात झाली होती.

हे सगळं मुठीतलं झालं. पण मूळ भाव, ज्यात मुठीमुळं शे-दोनशे, पाचशेचा फरक पडतो, तो ठरतो फार लांब. तुरीच्या बाबतीत तर समुद्रापलीकडं. भारत हा जगात सर्वांत जास्त डाळी पिकवणारा, सर्वांत जास्त खाणारा आणि सर्वांत जास्त बाहेरून आणणाराही देश आहे. तूर येते म्यानमारमधून आणि आफ्रिकेच्या पूर्व भागातून, म्हणजे मोझांबिक, टांझानिया, मलावी या देशांतून. मोझांबिकमध्ये तुरीची काढणी आपल्या श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास होते. त्यामुळं आपली तूर फुलात असते तेव्हा त्यांची तूर जहाजात असते.

२०१५ साली तूरडाळ दोनशे रुपये किलोच्या जवळ गेली होती, आठवतंय ना? वरण पातळ केलं होतं सगळ्यांनी. मग २०१६ च्या जुलैत भारतानं मोझांबिकशी करार केला, की दरवर्षी वाढत जाऊन २ लाख टनांपर्यंत डाळी तुमच्याकडून घेऊ. तिथल्या लहान शेतकऱ्यांनी तूर वाढवली. इकडं आपणही भाव बघून तूर वाढवली, पाऊसही चांगला झाला. देशाचं तुरीचं उत्पादन सुमारे २५ लाख ६० हजार टनांवरून ४८ लाख ७० हजार टनांवर गेलं. २०१७ च्या सुरुवातीला काय झालं ते आपल्याकडं कुणी विसरलेलं नाही. हमीभाव ५०५०, बाजार त्याच्या खाली, केंद्रांवर ट्रॅक्टरांच्या रांगा आणि बारदाना संपला म्हणून खरेदी बंद. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारनं तुरीच्या आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली. आपल्यासाठी ते बरं झालं. पण मोझांबिकमध्ये तूर बहुतेक भारतासाठीच पिकते, तिथले भाव कोसळले. आपल्यासारखीच तिकडचीही एखादी बाई तूर निवडून कट्टे भरून बसली असेल आणि तिला कुणी सांगितलं असेल, "यंदा भाव तसाच निघाला."

पुढं १५ मे २०२१ पासून तुरीची आयात पुन्हा मोकळी झाली आणि तिची मुदत वाढत गेली. पाऊस कमी पडला, पीक कमी आलं, तेव्हा २०२४ मध्ये भाव दहा हजारांच्या वरही गेला. आणि त्याच्या पुढच्याच हंगामात आमच्या त्या ताईची तूर ६९०० ला गेली. म्हणून मैत्रिणींनो, मागच्या वर्षीचा भाव बघून यंदा सगळं शेत तुरीला देऊ नका, आणि पडला म्हणून पुढच्या वर्षी तूर मोडूही नका. सगळेच तसं करतात म्हणून तर भाव असा उड्या मारतो.

जहाज आपल्या हातात नाही. विकायचा दिवस थोडासा आहे. आवक सगळी जानेवारी ते मार्च दाटते. ज्यांना घाई नाही त्यांच्यासाठी कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, मुदत सहा महिने, व्याज वर्षाला ६ टक्के. सगळ्याच बाजार समित्या ती चालवत नाहीत, आपल्या समितीत चौकशी करा. पण थांबलं की भाव वाढतोच असं नाही. काही वर्षी थांबणाऱ्यांचंच नुकसान झालंय. सगळा माल ठेवू नका, तिसरा हिस्सा ठेवा.

घरी ठेवायची असेल तर वाळवलेली तूर पूर्ण थंड झाल्यावर नव्या किंवा उकळत्या पाण्यातून काढून वाळवलेल्या कट्ट्यात भरा. आतून हवाबंद पिशवी लावली तर भुंगा गुदमरतो. कडुनिंबाचा पाला आपल्या आया घालायच्या, तोही घाला, पण ओली तूर भरून वर पाला घातला तर उपयोग नाही. खायची तूर असेल तर सरळ डाळ करून ठेवा. हा भुंगा अख्ख्या दाण्यावर अंडी घालतो, डाळीत त्याचं फारसं जमत नाही. आपल्या आज्या उन्हाळ्यात जात्यावर डाळ भरडून ठेवायच्या त्यामागं हेही कारण असावं. आता अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची मिनी डाळ मिल बऱ्याच गटांनी घेतली आहे. १०० किलो तुरीला साधारण ७० किलो डाळ धरा, बाकी चुनी आणि टरफल. डाळ विकायच्या धंद्यावर मी पुन्हा कधीतरी बोलेन, त्यात उधारीचं प्रकरण मोठं आहे.

एक राहिलं. हमीभावाची नोंदणी सातबाऱ्यावर होते, त्यावर पिकाची नोंद लागते आणि पैसे सातबारा ज्याच्या नावावर त्याच्या खात्यावर जातात. आमच्या ताईच्या नऊ क्विंटलचे पैसे केंद्रावरून मिळाले असते तरी ते दिराच्या खात्यावर गेले असते, कारण नवरा वारल्यावर वारसाची नोंद तिनं केलीच नव्हती. ती आता तलाठ्याकडं अर्ज देऊन आली आहे. ज्यांचे नवरे आहेत त्यांनीही ऐका. लक्ष्मीमुक्ती म्हणून शेतकरी संघटनेनं मोहीम काढली होती आणि १९९२ साली सरकारनं परिपत्रक काढलं, की नवऱ्यानं संमती दिली तर बायकोचं नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लागतं. तलाठ्याला त्याच नावानं विचारा.

२०२५-२६ च्या हंगामाचा तुरीचा हमीभाव ८००० रुपये होता. ज्यांची मळणी झाली आहे त्यांनी या गुरुवारी बैठकीला येताना पाव किलो तूर आणावी. काटा मी आणते, मीठ आणि बाटल्याही आणते. आणि तूर कट्ट्याच्या तळातली आणा, वरची नको.